पत्रकातून कापलेले पाच प्रश्न

आमच्या पत्रकाला तीन घड्या होत्या. वरच्या पानावर डोक्यावर पदर घेतलेली हसरी बाई, आत गोळ्यांच्या पाकिटाचं चित्र, आणि मागच्या पानावर जाड अक्षरांत एक ओळ: 'रोज एक गोळी, चिंतेची होळी'. ती ओळ माझी. तेवीस वर्षांची होते. छापून आली त्या दिवशी देवपूरहून बसस्टँडपर्यंत जाताना रिक्षात मी ती चार वेळा वाचली होती. आपण लिहिलेलं छापून येतं आणि बाया ते घडी करून ब्लाउजमध्ये खोचतात, याचा माज काय असतो ते मला विचारा.

कुटुंब नियोजनाचं काम करणाऱ्या आमच्या संस्थेचं ऑफिस धुळ्यात, देवपुरात एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं, दोन खोल्या. तिथे सगळ्या एकमेकींना ताई म्हणायच्या. ज्यांनी ही संस्था काढली त्यांना आम्ही मोठ्या ताई म्हणायचो. समाजकार्याच्या कॉलेजात होते तेव्हापासून मी त्यांच्या मागे मागे फिरत होते. बोलायचं कसं, सभेत आधी कुणाकडे बघायचं, सासू शेजारी बसलेली असताना सुनेशी कुटुंब नियोजनाचं कसं काढायचं, हे सगळं मी त्यांच्याकडून उचललं. पत्रक लिहायलाही त्यांनीच शिकवलं. त्यांचा नियम होता, चुलीवरचं दूध उतू जायच्या आत बाईचं पत्रक वाचून संपलं पाहिजे. मला तो नियम इतका आवडायचा की मी तो कॉलेजात जाऊन पोरींना सांगायचे.

गोळीच्या पत्रकाचा कच्चा मजकूर मी लिहिला तेव्हा आत एक चौकट होती. एका डॉक्टरबाईंनी प्रशिक्षणात सांगितलेलं मी वहीत उतरवून घेतलं होतं, त्यातून काढलेले पाच प्रश्न. गोळी सुरू करण्याआधी बाईला विचारायचे. तुमचं वय पस्तिशीच्या पुढे आहे आणि विडी-तंबाखू आहे का. ब्लडप्रेशर आहे का. अर्धं डोकं दुखतं का, आणि दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का. अंगावर पिणारं लहान बाळ आहे का. तुम्हाला, किंवा तुमच्या आईला, बहिणीला, कधी एकच पाय सुजून रक्ताची गुठळी झाली होती का. खाली लिहिलं होतं की यातल्या एकालाही हो असेल तर आधी डॉक्टर, मग गोळी. आणि त्याखाली: गोळी सुरू असताना एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली-तापली, दम लागला, छातीत कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना, आणि गोळी घेतो हे डॉक्टरला सांगायचं.

प्रूफ आलं तेव्हा चौकट होती, पण तिच्यात रांगोळीचं फूल होतं. खाली एक ओळ: 'सुरुवातीला थोडी मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. दोन-तीन महिन्यांत आपोआप थांबते. घाबरू नये.'

मी विचारलं. विचारलं नाही असं नाही. मोठ्या ताई चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "ही यादी वाचली की बाई पाकीट परत करते. एका बाईनं परत केलं की गल्ली परत करते. आणि मग तिला पाचवं पोर होतं तेव्हा ती गुठळी कोण मोजतं?" पुढे त्या समजुतीनं म्हणाल्या की हे सगळं फार क्वचित होतं, आणि होतं ते सिगारेटी ओढणाऱ्या शहरातल्या बायांना, आपल्या कामकरी बायांना नाही. मला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं, कारण मागच्या पानावर माझी ओळ तशीच ठेवली होती.

इथे एक सांगून ठेवते, नाहीतर हे वाचून कुणीतरी पाकीट उकिरड्यावर फेकेल. गोळी वाईट नाही. हजार बायांना ती काही करत नाही, उलट त्यांचं आयुष्य त्यांच्या हातात देते. माझं भांडण गोळीशी नाहीच. माझं भांडण त्या रांगोळीच्या फुलाशी आहे.

आमचं गाव धरणगावच्या अलीकडे. घरी आई, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली. वहिनी माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी. लग्न होऊन आली तेव्हा मी बारावीला होते आणि आम्ही दोघी एकाच आरशात वेण्या घालायचो. ती ब्लाउज शिवायची. मशीनवर बसली की तिच्या तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे घरात तिचं बोलणं कमी आणि 'हं', 'उंहू' जास्त. धाकटी चार वर्षांची झाली तसं आईनं तिसऱ्याचं काढायला सुरुवात केली. आई वाईट बोलायची नाही. देवळातून आली की वहिनीच्या ओटीत एक फूल टाकायची, बस. ते फूल वहिनी संध्याकाळपर्यंत पदरात घेऊन काम करायची.

एकदा गच्चीवर कुरडया घालताना वहिनी म्हणाली, "ताई, माले आते तिसरं नको. तुना भाऊले बी नको. पन तुनी मायले कोन सांगी?"

कोण सांगणार, हा तिचा प्रश्न होता. मी उत्तर म्हणून गोळी दिली. पुढच्या खेपेला झोळीतून पाकीट आणलं, माझं पत्रक आणलं, आणि मशीनच्या खणातली बॉबिनची डबी रिकामी करून त्यात दोन्ही ठेवलं, कारण आई शिवत नाही. गोळ्या कशा घ्यायच्या ते बोट ठेवून सांगितलं. या एकवीस पांढऱ्या, रोज एक. मग या सात तपकिरी, त्या लोहाच्या, त्या दिवसांत पाळी येते. एवढंच. तिला मी काही विचारलं नाही. सभेत तरी निदान नाव, वय, मुलं किती हे विचारायचे. घरच्या बाईचं काय विचारायचं, सगळं माहीतच आहे, असं मला वाटलं. तिच्या माहेरी मी लग्नाला एकदाच गेले होते.

पहिल्या महिन्यात तिला सकाळी मळमळायला लागलं. मोरीशी उभी राहून उलटीचे उमाळे काढताना आईनं तिला पाहिलं, आणि आई लहान पोरीसारखी हरखली. दुपारी कैरीच्या फोडी मीठ लावून तिच्या मशीनवर आणून ठेवल्या. "खाय बाई. कितला दिन व्हयनात?" वहिनीनं टाचण्या तोंडात ठेवूनच मान हलवली आणि कैरी खाल्ली. पंधरा दिवस ती कैरी खात राहिली. पाळी आली तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही आणि वहिनीला वाटलं आपणच काहीतरी पाडलं. हे तिनं मला फोनवर हसत सांगितलं. मीही हसले.

मग बाकीचं सुरू झालं. मधेच डाग दिसायचे. छाती दुखायची, धाकटीला कडेवर घेता यायचं नाही. गालांवर वांग आले, आई म्हणाली उन्हात कपाशी निंदून आले. सगळ्यात विचित्र म्हणजे तिला रडू यायचं. मशीनवर बसल्या बसल्या, कशावरून नाही, काही नाही. "काय व्हयनं तेच समजत नही," म्हणायची. दर वेळी फोन करायची आणि दर वेळी मी तेच उत्तर द्यायचे: दोन-तीन महिन्यांत आपोआप थांबतं. पाचव्या महिन्यातही मी तेच म्हणाले. पत्रक पाठ झालेल्या माणसाला समोरचं बोलणं ऐकू येत नाही. मला तर ते पाठ करायचीही गरज नव्हती, मीच लिहिलं होतं.

नंतर कानबाईचे दिवस आले. खानदेशाबाहेरच्यांना एवढं सांगते, की श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, साडी, आणि सगळं भाऊबंद एका घरी. तिचे रोट म्हणजे गव्हाच्या पोळ्या-पुऱ्या, आणि त्यासाठी गहू मोजतात तो घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ. कालचा जन्मलेला मुलगा असेल तर त्याचीही सव्वा मूठ. वहिनीच्या दोन मुलींची मूठ नाही. त्या वर्षी कानबाई आमच्या घरी होती. रोट घरच्या सुनेनं करायचे, आणि पाळी असेल ती बाई बाजूला बसते, रोटाला हात लावत नाही, देवीपुढे येत नाही. सूनच बाहेर बसली तर सगळ्या भाऊबंदाला कळतं, आणि आमच्या आईसारख्या आईला ते वर्षभर पुरतं.

यावरचा तोडगा मीच गावोगावी सांगत होते. सभेत गोळीचे बाकी फायदे सांगताना बाया जांभया द्यायच्या. पण कानबाईला पाळी नको असेल तर तपकिरी गोळ्या सोडा आणि लगेच नवीन पाकिटाच्या पांढऱ्या सुरू करा, हे सांगितलं की मागच्या रांगेतल्या बायाही पुढे सरकायच्या. डॉक्टरही हे सांगतात, त्यात चूक काही नाही. चूक ही की बायांना जे हवं ते तेवढं मी सांगायचे आणि पाकिटं संपवून यायचे. पाळीचा विटाळ मानू नका, हे सांगायला आलेली मी, विटाळ लपवायची युक्ती वाटत फिरत होते. त्याचं मला तेव्हा हसू यायचं.

वहिनीनं ती युक्ती दोन महिने आधीपासूनच सुरू केली, हयगय नको म्हणून. तपकिरी गोळ्या मात्र तिनं फेकल्या नाहीत. औषध फेकायचं तिच्या जिवावर यायचं. त्या बॉबिनच्या डबीत चौदा साठल्या होत्या.

शनिवारी मी घरी पोचले तेव्हा ती ओट्यावर पाय लांब करून बसली होती आणि आई तिची डावी पोटरी कोमट तेलानं जोरजोरात चोळत होती. दोन दिवसांपासून दुखत होती. आई म्हणाली, गहू पाखडायला, दळायला उभी राहून राहून भरून आली. मी बघितलं. डावा पाय उजव्याहून जाड दिसत होता. पैंजण रुतलं होतं. मी हात लावला तर गरम लागला, पण तेल कोमट होतं, त्याचंच असेल.

ही यादी मी स्वतःच्या हातानं लिहिली होती. एकच पाय, सूज, पोटरी, गरम. चारही लक्षणं समोर होती. आणि मी आई पाणी आणायला आत गेल्यावर वहिनीच्या कानात काय सांगितलं, तर तपकिरी गोळ्या सोडल्यास ना, लोह कमी पडलं असेल, त्यातल्या दोन घेऊन टाक. तिनं घेतल्या. माझ्यावर विश्वास ठेवून, पाण्याच्या घोटाबरोबर. डोक्यातून एखादी गोष्ट जाते म्हणजे कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. पत्रकावर छापलं नव्हतं, म्हणून माझ्याही डोक्यातून ते पुसलं गेलं होतं. एवढी मी त्या कागदाची झाले होते.

रविवारी तिनं उभं राहून सगळे रोट केले. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन सगळ्या बाया नदीवर निघाल्या, वाजतगाजत, फुगड्या घालत. वहिनी मागे पडली. मी वळून पाहिलं तर ती बाभळीला धरून उभी होती, तोंड उघडं, श्वास घेता येत नव्हता. एक बाई हसून म्हणाली, एक फुगडी घातली तं इतली दमनी का. वहिनीनं मला हातानं बोलावलं आणि छातीवर हात ठेवला. "आठे. कळ शे."

भावानं शेजाऱ्यांची जीप काढली. जळगावला पोचेपर्यंत आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तोच पाय चोळत होती. मला तेव्हा तरी ती यादी आठवली असती तर मी तो हात धरला असता.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. पाय बघितला, दाबला, दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून मोजलं. छातीला नळी लावली. मग मान वर करून विचारलं, "काही गोळ्या-औषधं सुरू आहेत का? पाळीच्या, मूल न होण्याच्या?"

त्या खोलीत वहिनी खाटेवर होती. तिच्या उशाशी आई. दाराशी भाऊ. पायाशी मी. चौघांतल्या तिघांना उत्तर माहीत होतं.

वहिनी म्हणाली, "नही." आणि माझ्याकडे बघितलं. मी भावाकडे बघितलं. तो दाराच्या बिजागरीकडे बघत होता. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, हे महत्त्वाचं आहे, कुणीतरी नीट सांगा. भाऊ म्हणाला, "माले काय माहीत, साहेब. बायासनं काम शे ते."

मी सांगितलं. कोणत्या गोळ्या, किती महिने, मधला आठवडा कधी सोडला, सगळं. डॉक्टरांनी भराभर लिहिलं, नर्सला हाक मारली, आणि लिहिता लिहिताच वहिनीला विचारलं की तुमच्या माहेरी कुणाला असं पाय सुजण्याचं, गुठळीचं होतं का.

वहिनीनं डोळे मिटले होते. म्हणाली, माझ्या मायला. धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणानंतर मायचा एक पाय खांबासारखा सुजला, तो परत कधी उतरला नाही, काळा पडला. गावात नजर लागली म्हणाले. ती लंगडतच मेली. आणि मग डोळे न उघडताच म्हणाली, "माले कोनी इचारंच नही. इचारं असतं तं मी सांगं असतं."

पाचवा प्रश्न. माझ्या वहीत शाईनं लिहिलेला.

आईनं आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. "म्हनजे बठ्ठासले माहीत व्हतं. मालेच नही." पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला होता तो तिनं नीट केला आणि ती बाहेर जाऊन बाकावर बसली. देवीपुढे तिनं नातवासाठी नवस बोलला होता, हे मला जीपमधून सोबत आलेल्या मावशीकडून कळलं. मी जवळ गेले तर आई सरकून बसली. जागा करून द्यायला नाही.

वहिनी वाचली. पायातल्या गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला होता, पण वेळेत इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस पाय चोळला असता तर मी काही सांगू शकत नव्हतो. ती दहा दिवस जळगावात होती. मी रोज डबा नेत होते. ती डबा खायची, डबा धुऊन द्यायची, आणि माझ्याशी नर्सशी बोलावं तसं बोलायची.

अकराव्या दिवशी मी धुळ्याला गेले आणि मोठ्या ताईंच्या टेबलावर ते पत्रक उलगडून ठेवलं. फूल वर येईल असं. काय झालं ते सांगितलं. मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं, माझा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. म्हणाल्या, "अगं मला माहीत आहे ते काय असतं. माझ्या सख्ख्या बहिणीला झालं होतं. म्हणून तर लेकीला मी ही गोळी घेऊच दिली नाही, आधी नाशिकला डॉक्टरकडे नेऊन सगळं विचारून घेतलं."

त्या हे माझं समाधान करायला म्हणाल्या. आपण काय बोललो हे त्यांना कळलंही नाही. हात माझ्या हातात तसाच होता.

मी विचारलं, "मग बाकीच्या बायांना कुणी विचारायचं?"

मोठ्या ताईंनी हात काढून घेतला. मग तेच सगळं आलं. काम किती मोठं आहे, एका घटनेवरून असं करून चालत नाही, लोक टपलेले आहेत, उद्या सभा बंद पडतील, तुझी वहिनी वाचली ना. आणि शेवटी, तू स्वतः तिला पाकीट दिलंस, विचारलं का नाहीस. विचारलं नाही, हे खरं. पण हा प्रश्न विचारायचा हक्क ज्या बाईला होता ती वेगळी होती, तो मोठ्या ताईंचा नव्हता. उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा कोपऱ्यात होता. मी तो उचलला आणि जिना उतरले. कुणी अडवलं नाही. संस्थेतली माझ्या वयाची एक ताई जिन्यात भेटली, म्हणाली, काय गं, सुट्टीवर का. मी हो म्हणाले. मग परत गेलेच नाही.

ज्या गावांत मी सभा घेतल्या त्या गावांत मी परत जायला लागले. एकटी, एसटीनं. पाच प्रश्न हातानं एका कागदावर लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या. ज्यांना पाकिटं दिली होती त्यांना गाठून एकेकीला विचारलं. काही हसल्या. काहींनी, आधी का नाही सांगितलं म्हणून दारातूनच वाटेला लावलं. चोपड्याकडच्या एका गावात केळीच्या बागेत एक बाई भेटली, तिचं अर्धं डोकं दुखायचं आणि आधी डोळ्यांपुढे काचेसारखं चमकायचं. तिला मी त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरा उपाय सांगितला. तिनं पत्रक जपून ठेवलं होतं. हसऱ्या बाईचं चित्र आवडलं म्हणून.

घरी मात्र मी लवकर गेले नाही. गेले ते दसरा झाल्यावर. आई मुलींना वेण्या घालत होती, मला बघून चहा ठेवते म्हणाली, एवढं बोलणं उरलं होतं. वहिनी मशीनवर होती, डाव्या पायात जाड लांब मोजा. आता मूल न होण्याची काळजी तुझा भाऊ घेतो, असं ती मला म्हणाली, आणि पुढे काही विचारू नको अशी सुई ओवायला लागली. आई तिच्या ओटीत फूल टाकत नव्हती. तिच्याशी बोलतही फारशी नव्हती. तिच्या औषधाच्या वेळा मात्र आईलाच पाठ होत्या.

मी कागद मशीनवर ठेवला. माफी मागायची तर कशी मागायची ते मला येत नव्हतं, पत्रकात तसलं काही नसतं. म्हटलं, हे आता असं छापायचं आहे, तू एकदा बघ.

तिनं तो बराच वेळ वाचला. मग टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या. "इचार," म्हणाली. "बठ्ठं इचार. पहिलापशी."

मला वाटलं टोमणा आहे. पण ती वाट बघत होती. मग मी विचारलं, पहिल्यापासून, अनोळखी बाईला विचारावं तसं. वय. तंबाखू. ती म्हणाली, मिश्री लावते, सकाळी. हे मला माहीत नव्हतं. सात वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं. ब्लडप्रेशर, नाही. अर्धं डोकं, नाही. बाळ, नाही. पाचव्याला ती थांबली आणि म्हणाली, हां. मायले.

मी कागदाची घडी घालायला लागले तर तिनं हात ठेवला. "सहावा कोठे शे?"

मी म्हटलं पाचच आहेत, डॉक्टरबाईंनी पाचच सांगितले होते.

"डॉक्टरीनबाईले काय माहीत," वहिनी म्हणाली. "गोळी लपाडीसन खानारी बाई आडवी पडनी, तं दवाखानामा खरं कोन सांगी? हाई इचार आधी. तीना घरमा एक मानूस पाहिजे. नही तं देऊ नको गोळी."

मी लिहिलं, कागदाच्या खाली, पेनानं. ती बघत राहिली. म्हटलं, मी सांगितलं होतं ना वहिनी, शेवटी.

"हां," ती म्हणाली. "तू माले वाचाडं, नि तूच माले उघडं पाडं. दोन्ही याद शे माले."

तिनं टाचण्या परत तोंडात घेतल्या आणि मशीन सुरू केलं. मी उभी राहिले तशी आतून आईनं, चहा निवला, म्हणून हाक मारली. कुणाला मारली ते कळलं नाही. आम्ही दोघीही गेलो नाही.

तो कागद आता सहा प्रश्नांचा आहे. त्याला घड्या नाहीत, चित्र नाही, मागे ओळ नाही. वाचून होईपर्यंत दूध उतू जातं. जाऊ दे.